फ्युजन म्हणजे नक्की काय? मणक्याचं, चाटचं की सूर्याचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटेल पण आठवडाभर डोक्यात घोळतोय म्हणून विचारतेच.

बाबांचं (वय ६८) कंबरेचं दुखणं वाढलं, एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले एल-फोर एल-फाइव्हचं (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) फ्युजन करावं लागेल. बाबा बँकेतून रिटायर, रोज संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही असे, ते केबिनमधून बाहेर आल्यावर मला हळूच विचारतात, "फ्युजन म्हणजे ते तबल्याबरोबर ड्रम बडवतात तसलं?" मी हसले, आणि मग लक्षात आलं की मलाही धड सांगता येत नाहीये.

त्यात घरात चुलत बहिणीच्या लग्नाची गडबड. केटररच्या मेनूत 'फ्युजन चाट काउंटर', नवरीची मैत्रीण 'फ्युजन साडी' नेसणार (नेसणार की घालणार देव जाणे, खाली पँट आहे), आणि नवरदेव काय करतो विचारलं तर "फ्युजनवर आहे", म्हणजे ओरॅकलचं कसलंसं सॉफ्टवेअर. हे सगळं आवरून घरी आले तर लेक पुस्तक घेऊन उभी, आई फिशन आणि फ्युजनमधे फरक काय गं.

तर हा सगळा एकच शब्द आहे का? आणि बाबांना मराठीत काय सांगू? 'मणक्यांचे संमीलन' म्हटलं तर ते ऑपरेशनच्या आधीच गार पडतील.

सदाशिव_पेठी

फ्युजन म्हणजे कन्फ्युजन. विषय संपला. धागा बंद करा.

साच्यातला_माणूस

पेठीकाका विनोद करायला गेले आणि नेम लागला बघा, कारण फ्युजन आणि कन्फ्युजन खरंच एका आईची लेकरं. लॅटिनमधे 'फुंदेरे' म्हणून क्रियापद आहे, त्याचा अर्थ ओतणे, आणि धातूच्या बाबतीत वितळवून ओतणे. त्यातनं फ्युजन. सगळं एकत्र ओतून ठेवलं की काय कशात आहे ते कळत नाही, ते कन्फ्युजन. एका अंगातनं दुसऱ्या अंगात रक्त ओतलं की ट्रान्सफ्युजन. ऑनलाइन घेतलेली चप्पल परत पाठवली की पैसे परत 'ओततात' तो रिफंड पण तिथलाच. आणि आमच्या पोटापाण्याचा शब्द फाउंड्री, तोही त्याच घरातला, फ्रेंचच्या वाटेनं आलेला.

मी कोल्हापूरचा, तीस वर्षं फाउंड्रीत काढली. आमच्याकडं जुनी माणसं फाउंड्री म्हणत नाहीत, ओतकाम म्हणतात. लॅटिनवाल्यांना पण ओतणंच सुचलं आणि आपल्याला पण ओतणंच सुचलं, कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नाही. लोखंडाचा रस चौदाशे डिग्रीच्या आसपास साच्यात सोडताना बघितलात तर दुसरा शब्द सुचणारच नाही.

घरातला फ्यूज पण ह्यातलाच बरं का. त्या पांढऱ्या किटकॅटमधली तार करंट जास्त झाला की वितळते म्हणून तो फ्यूज. तिथं जोडणं नाहीच, उलट तुटणं आहे. म्हणजे मूळ अर्थ वितळणं, जोडलं जाणं हे नंतरचं, वितळलेल्या दोन गोष्टी एकमेकांत गेल्या की होणारं. शाळेत बर्फाचा अप्रकट उष्मा शिकलो, ग्रॅमला ८० कॅलरी, त्याला इंग्रजीत लेटंट हीट ऑफ फ्युजनच म्हणतात, तिथं बर्फ एकटाच वितळतोय, कुणाशी लग्न लावत नाहीये. (बाँबच्या वातीला पण फ्यूज म्हणतात तो मात्र वेगळा, तो चातीच्या लॅटिन शब्दावरनं आलाय, ह्यात घुसडू नका.)

आता आमच्यातली एक गंमत सांगतो, मग थांबतो. साच्यात दोन बाजूंनी रस येतो आणि मधे भेटतो. गरम असला तर एक होतो, पुढं कापून बघितलं तरी कुठं भेटला ते सापडत नाही. पण ओतायला उशीर झाला, रस जरा जरी थंडावला, तर दोन्ही प्रवाह एकमेकांना टेकतात आणि तसेच गोठतात. वरनं बघितलं तर एक बारीक रेघ दिसते फक्त. त्याला आम्ही कोल्ड शट म्हणतो. पार्ट दिसायला अख्खा, आणि लोड आला की त्याच रेघेवर उकलतो. असला माल इन्स्पेक्शनला सापडला तर स्क्रॅप, सापडला नाही तर आमच्या इज्जतीचं स्क्रॅप.

होल्डरवाला

साच्यातले दादा एक नंबर 🙏 आमच्यात पण तेच, वेल्डिंगच्या रिपोर्टवर 'लॅक ऑफ फ्युजन' आलं की पोटात गोळा येतो. रॉड वितळला पण खालची प्लेट वितळलीच नाही, मग ते नुसतं वर ठेवलेलं लोखंड. बाहेरून टाका इतका सुंदर की फोटो काढून स्टेटसला ठेवावा. अल्ट्रासॉनिक लावलं की सगळं बाहेर येतं.

आणि ह्याच्यावरून एक सांगतो, झाळणं आणि वेल्डिंग ह्यात लोक घोळ करतात. झाळताना मधला डाक (जोडायला वापरतात तो धातू) फक्त वितळतो, भांडं वितळत नाही. भांडं भांड्याच्या जागी, झाकण झाकणाच्या जागी, मधे डाक. काम होतं, वाईट नाही, आमच्या आजीची पितळी कळशी दोनदा झाळलेली होती आणि शेवटपर्यंत चालली. पण ते फ्युजन नाही. फ्युजन म्हणायचं तर दोन्ही बाजूच्या कडा वितळल्या पाहिजेत.

गॅसची पाइपलाइन येते ना घरोघर, त्यातले पिवळे प्लास्टिकचे पाइप जोडतात त्याला पण इलेक्ट्रोफ्युजन म्हणतात, जोडणाऱ्या कपलरच्या आत तार असते, करंट दिला की पाइपची बाहेरची आणि कपलरची आतली बाजू दोन्ही वितळतात. आणि इंटरनेटची फायबर तुटली की तो स्प्लायसिंग मशीन घेऊन येतो, तेही फ्युजन, काचेच्या केसाएवढ्या दोन तारा ठिणगीनं वितळवून जोडतो.

सदाशिव_पेठी

विनोद मागे घेतो. रिफंड द्या.

तारकापुंज

गोदाकाठची ताई, लेकीचं उत्तर मी देते, मी दहावीला विज्ञान शिकवते आणि दर वर्षी निम्मा वर्ग हे उलटं लिहितो. फिशन म्हणजे विखंडन, युरेनियमसारखं जड केंद्रक (अणूचा गाभा) फुटतं. फ्युजन म्हणजे संमीलन, हायड्रोजनसारखी हलकी केंद्रकं एकमेकांत घुसून हेलियम होतं. हिंदीत संलयन म्हणतात. दोन्हीकडे थोडं वस्तुमान नाहीसं होतं आणि ते ऊर्जा होऊन बाहेर पडतं. सूर्य दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातले चाळीसेक लाख टन 'हरवतात', ते हरवलेले टन म्हणजे आपलं ऊन, आपले पापड वाळतात ते.

इथे मात्र साच्यातल्या दादांचं वितळणं चालत नाही. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमान आहे, तिथे वितळायला घन काही उरलेलंच नाही. नाव उपमेने पडलंय, दोन थेंब एक होतात तसं. अडचण अशी की केंद्रकं दोन्ही धन प्रभाराची, जवळ आली की एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यांना इतक्या वेगाने आपटावं लागतं. (दादांच्या भाषेत, तापमान कमी पडलं की कोल्ड शट. १९८९ मधे दोन शास्त्रज्ञांनी साध्या तापमानाला बाटलीत हे होतं असं जाहीर केलं होतं, त्याला कोल्ड फ्युजनच म्हणायचे, जगभर लोकांनी करून बघितलं, आपल्या ट्रॉम्बेलासुद्धा, पण ते काही टिकलं नाही.)

सदाशिव_पेठी

पण मग तारापूरला फ्युजनच चालतं ना? ६९ सालापासून वीज देतंय.

तारकापुंज

काका, तुम्ही माझ्या निम्म्या वर्गात 🙂 तारापूर विखंडन. जगात आज वीज विकणारी जी काही अणुभट्टी आहे ती सगळी विखंडनावर. संमीलनाची एकही नाही. १९५५ मधे जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा, त्यांनी तिथल्या भाषणात अंदाज वर्तवला होता की वीसेक वर्षांत ही ऊर्जा काबूत आणायची रीत सापडेल. त्याला सत्तर वर्षं झाली. डिसेंबर २०२२ मधे अमेरिकेत लेझरने पहिल्यांदा टाकलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली, २.०५ मेगाजूल आत आणि ३.१५ बाहेर, पेपरात मोठे मथळे आले, पण ते लेझर पेटवायला भिंतीतल्या प्लगमधून साधारण ३०० मेगाजूल ओढले होते ते मथळ्यात नव्हतं.

आणि होल्डरवाल्यांसाठी खास. फ्रान्समधे आयटर नावाची मोठी संमीलनाची भट्टी उभी राहतेय, भारत त्यात २००५ पासून भागीदार आहे. तिच्या बाहेरचं स्टीलचं प्रचंड पिंप, तीसेक मीटर उंच आणि तेवढंच रुंद, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला बनले. अख्खं जहाजात मावणार नव्हतं म्हणून तुकडे पाठवून तिथेच जोडले. कसे जोडले असतील सांगा.

होल्डरवाला

वेल्डिंग!! 😄 म्हणजे फ्युजनच्या भट्टीला फ्युजन वेल्डिंग. उद्या शॉपवर सगळ्यांना सांगतो.

मिश्र_पिलू

मी मुद्दाम थांबलो होतो पण ताईंच्या बाबांचा ड्रमवाला प्रश्न कुणी घेईना म्हणून लिहितो, जरा लांबेल.

बाबांचं चुकलेलं नाही. आपल्याकडे गणपतीत नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला 'फ्युजन' म्हणून जे होतं ते बहुतेक वेळा असं असतं की सतारवाला चार मिनिटं त्याचं वाजवतो, गिटारवाला चार मिनिटं त्याचं, आणि शेवटी सगळे मिळून एकाच वेळी जोरात. होल्डरवाल्यांनी जे सांगितलं तेच, झाळकाम. डाक म्हणजे तो ड्रमचा ठेका. मी स्वतः विशीत असलं भरपूर वाजवलंय, मानधन चांगलं मिळायचं, आणि लोक उभे राहून टाळ्या द्यायचे ते वेगळंच.

पण खरं फ्युजन ऐकायचं असेल तर 'शक्ती' ह्या बँडचं ऐका. सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्लंडचा जॅझ गिटारवाला, झाकीरभाई तबल्याला, एल. शंकर व्हायोलिनला, विक्कू विनायकराम घटमला. म्हणजे तिथे एक मिलाफ बाहेरचा होता आणि दुसरा आपल्या आपल्यातलाच, उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचं घटम, तालाचा हिशोब दोघांचा वेगळा. आता कडा कशा वितळल्या बघा. गिटारच्या पट्टीवरचे पडदे बुटके असतात, त्यामुळे सतारीसारखी लांब मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येत नाही. मॅकलॉफ्लिनने गिटारच वेगळी बनवून घेतली, पडद्यांच्या मधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेली, म्हणजे तार खाली दाबून ओढता येते, आणि वर सतारीच्या तरफेसारख्या, आपोआप घुमणाऱ्या आडव्या तारा बसवलेल्या. त्याने आपलं वाद्य बदललं, मग सूर आला. त्याच शक्तीला २०२४ मधे ग्रॅमी मिळालं, तेव्हा आपले शंकर महादेवन गायला होते, आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे झाकीरभाई गेले. असो.

आणि ज्यांना फ्युजन म्हटलं की विटाळ होतो त्यांना माझा एक प्रश्न असतो. बाबा जे नाट्यसंगीत ऐकतात त्यात पेटी आहे ना? पेटी आली युरोपातून, एकोणिसाव्या शतकात. तिला मींड येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) येत नाहीत, म्हणून १९४० मधे आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तीस वर्षं! आणि तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्या भजनी मंडळाने पेटी बाहेर ठेवली? आज तिला कुणी परदेशी म्हणतं का? तेच ते, कापून बघितलं तरी रेघ सापडत नाही.

रागांमधे तर हे आधीपासूनच आहे. जोगकंस घ्या, जगन्नाथबुवा पुरोहितांनी बांधलेला, जोग आणि कंस ही दोन अंगं त्यात आहेत. चांगला गायक गात असताना जोग कुठे संपला आणि कंस कुठे लागला हे बोट ठेवून दाखवा बरं. आमचे मास्तर म्हणायचे, सांधा दिसला की समज रियाज कमी पडला. कोल्ड शट हा शब्द त्यांना माहीत असता तर आम्हाला रोज ऐकावा लागला असता.

खवय्या_डोंबिवली

मिश्र पिलू यांना दंडवत. मी चाटवर येतो.

आपल्याकडे फ्युजनला मराठी शब्द केव्हाचा आहे आणि तो रोज सकाळी तर्री मारून खाल्ला जातो. मिसळ! आणि तिच्याबरोबरचा पाव पोर्तुगीज, वड्यातल्या बटाट्याचं तर नावसुद्धा पोर्तुगीज.

पण माझा लाडका पुरावा वेगळा आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा. हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. आपलं काय, तर तूप आणि श्रद्धा. आणि गंमत म्हणजे शेकडो वर्षं इथेच पिकणारे गहू-ज्वारी उपासाला चालत नाहीत आणि ही समुद्रापलीकडून आलेली मंडळी चालतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "गप खा, नाहीतर वरी करते."

लग्नातल्या फ्युजन चाटबद्दल: पाणीपुरीत ग्वाकामोले भरलं असेल तर एक खाऊन पुढच्या काउंटरला जा. केटररच्या कोशात फ्युजन म्हणजे 'तेच, पण ताटामागे दोनशे रुपये जास्त'.

व्याकरणपंत

भाषाशास्त्रातही आहे हा शब्द. 'आली' ह्या शब्दातली शेवटची ई घ्या, ती स्त्रीलिंगही सांगते आणि एकवचनही, एकाच स्वरात दोन्ही वितळलेलं, वेगळं काढता येत नाही. तुर्की भाषेत प्रत्येक अर्थाला वेगळा डबा, एव म्हणजे घर, लेर अनेकवचन, इम माझं, दे म्हणजे मधे, एवलेरिमदे म्हणजे माझ्या घरांमधे, मालगाडी नुसती. पहिल्या प्रकाराला फ्युजनल भाषा म्हणतात. इतकंच.

एल५_एस१

ताई, मूळ प्रश्न राहिलाच. माझं हेच ऑपरेशन झालंय, चार वर्षं झाली, एक लेव्हल खाली.

सोप्या भाषेत, दोन मणक्यांमधली खराब झालेली गादी काढतात, तिथे छोटा पिंजरा आणि हाडाचे तुकडे भरतात, आणि मागून टायटॅनियमचे स्क्रू आणि दांड्या लावतात. लोकांना वाटतं स्क्रू म्हणजेच फ्युजन. तसं नाही. स्क्रू फक्त हलू देत नाहीत. खरं जोडकाम हाड स्वतः करतं, तुकड्यांमधून नवं हाड वाढतं आणि दोन मणके एक होतात, त्याला महिने लागतात, माझ्या एक्सरेत नीट दिसायला दहा महिने गेले. डॉक्टरांनी मला एकच ताकीद दिली होती, सिगरेट बंद, कारण तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही. बाबा तंबाखू खात असतील, अगदी मिश्री लावत असतील, तरी डॉक्टरांना आत्ताच सांगा, लपवू नका.

आणि घाबरू नका म्हणावं, शरीराला ह्याची सवय आहे. बाळ जन्मतं तेव्हा तीनशेच्या जवळपास हाडं असतात, मोठेपणी २०६ राहतात. बाकीची हरवत नाहीत, एकमेकांना जुळतात. माकडहाडाच्या वरचं ते त्रिकोणी हाड, तिथे मुळात पाच मणके असतात, विशी-पंचविशीपर्यंत त्यांचं एकच होतं, न सांगता, बिल न देता.

तोटा एवढाच की तो सांधा परत वाकत नाही. मला बूट घालताना अजून स्टूल लागतं. आणि वरखालच्या मणक्यांवर जरा जास्त भार येतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं नसेल तर घ्या, माझ्या मते तेवढं कराच.

होल्डरवाला

म्हणजे स्क्रू म्हणजे टॅक (तात्पुरता टाका) मारल्यासारखं. मेन वेल्ड हाड करणार. आता कळलं.

गोदाकाठची

बापरे, मी एका शब्दाचा अर्थ विचारला होता 😄 सगळ्यांचे आभार, लेकीने तर तारकापुंज ताईंचं उत्तर वहीत उतरवून घेतलंय, पापडासकट.

बाबांना काल सांगितलं. फ्युजन नाही म्हटलं, संमीलन पण नाही. म्हटलं, बाबा, दोन मणके सांधणार आहेत. सांधणे शब्द त्यांना लगेच पटला, म्हणाले मग असं सांगायचं ना आधी. मिश्र पिलू यांचा पेटीचा परिच्छेदही वाचून दाखवला, आकाशवाणीच्या बंदीवर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं, आईने शेवटी कुकरची शिट्टी झाली म्हणून सुटका करून घेतली.

एल५_एस१ दादा, तंबाखू खात नाहीत पण तपकीर ओढतात. आईलाही माहीत नव्हतं, काल कळलं. आता घरात वेगळंच सुरू झालंय. दुसऱ्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतलीये.

सदाशिव_पेठी

तपकीर चालते. आमचे आजोबा ९१ पर्यंत ओढत होते.

एल५_एस१

काका, आजोबांच्या मणक्यात स्क्रू होते का?